दादाला पसंत न पडलेले चार ट्रॅक्टर

दादाला चौथा ट्रॅक्टरही पसंत पडला नाही. कारण काय, तर म्हणे हॉर्न किरटा आहे.

"वावरात हॉर्न कुणासाठी वाजवणार आहेस?" सिस्टरने विचारलं. "ढेकळांना बाजूला व्हा म्हणून सांगायला?"

"एकतीस वर्षं बस चालवली मी. हॉर्नवरून गाडीची तब्येत कळते," दादा म्हणाला, आणि पुढ्यात ठेवलेलं पाणीही न पिता शोरूमबाहेर पडला.

विक्रेता बिचारा तरणा होता. सकाळपासून त्याने या दोघांना ट्रॅक्टरचा नट न् नट दाखवला होता. "मॅडम, हॉर्न आम्ही बदलून देऊ ना," तो म्हणाला.

"माहीत आहे हो. हॉर्नचं काही नाही."

मग कशाचं होतं, ते तिला तरी कुठे कळत होतं? पहिल्या ट्रॅक्टरची सीट कडक निघाली. दुसऱ्याचा रंग दादाच्या डोळ्यांत खुपला. तिसरा सगळ्या बाबतींत बरा होता, म्हणून त्याच्यावर फार बोजड असल्याचा आळ आला. आणि गंमत म्हणजे चारांपैकी एकावरही दादा चढून बसला नव्हता. खालूनच फेरी मारायची, टायरला लाथ घालायची, बॉनेटवर हात फिरवायचा आणि नाक मुरडायचं.

परतीच्या बसमध्ये तो खिडकीशी गप्प बसून राहिला. ड्रायव्हरने गिअर बदलला की दादाचा डावा हात मांडीवर आपसूक हलायचा. सिस्टर शेजारी बसून पिशवीचा बंद बोटाला गुंडाळत होती, सोडत होती, परत गुंडाळत होती.

तिला सगळे सिस्टरच म्हणायचे. सव्वीस वर्षं ऑपरेशन थिएटरमध्ये नर्स होती ती. हॉस्पिटलातलं नाव आधी गल्लीत आलं, मग घरात शिरलं, आणि शेवटी सख्खा भाऊसुद्धा तिला सिस्टर म्हणायला लागला. त्यातला विनोद कधीच झिजून गेला होता. लग्नाच्या भानगडीत ती पडली नाही. थिएटरला खिडकी नव्हती. सकाळी आत शिरताना आभाळ दिसायचं ते एकदम संध्याकाळी. पन्नाशी उलटली तेव्हा तिने ठरवलं, आता पुढची वर्षं छताखाली काढायची नाहीत.

दादाच्या डोक्यातही तेच होतं, फक्त वेगळ्या वाटेने आलेलं. रोज दोन्ही बाजूंना शेतं बघत बस हाकायची आणि एकाही शेतात पाय टाकायचा नाही, याचा त्याला कंटाळा आला होता. त्याने मुदतीच्या दीड वर्ष आधी नोकरी सोडली. दोघांनी मिळून आठ एकर घेतले. सहा एकर सपाट, दोन एकर वरच्या अंगाला उताराचे, एक विहीर आणि पत्र्याचं दोन खोल्यांचं घर. बोलणी चालली होती तेव्हा सिस्टरने स्वयंपाकघराच्या ओट्याशी उभं राहून कामांची वाटणी सांगून टाकली होती, "दादा ट्रॅक्टर चालवेल. वहिनी घर आणि कोंबड्या बघतील. बाकी सगळं माझ्याकडे." दादा तेव्हा चहात बिस्किट बुडवत होता. ते तुटून कपात पडलं, आणि तो चमच्याने काढत बसला. हो किंवा नाही, काहीच म्हणाला नव्हता.

घरी पोचल्यावर तिने चप्पल काढली नाही. तशीच बांधावर गेली. शेजाऱ्याचं शेत नांगरून झालं होतं. काळीभोर ढेकळं ओळीने उलटी पडलेली होती आणि त्यांवर पाखरं उतरली होती. शेजारी हा एक वाळका, शांत गृहस्थ. त्याने तिला बघितलं आणि हातातली कुदळ टेकवून जवळ आला. बांधाच्या तिच्या बाजूची मूठभर माती उचलून त्याने दाबली, मग मूठ उघडली. मातीचा गोळा झाला होता. अंगठ्याने टोचताच तो मोकळा फुटला.

"हा वाफसा," तो म्हणाला. "ना चिखल, ना दगड. नांगराला अशीच माती लागते. मागच्या पावसाची ओल आहे तोवर आठ दिवस मिळतील, फार तर नऊ. मग कुणाच्या बापाला फाळ रुतवता यायचा नाही."

"तुम्ही नांगरून द्याल का? भाड्याने?"

"दिलं असतं की. पण पुढे तीन जणांना शब्द दिलाय. आत्ता सगळ्यांचीच घाई, सिस्टर." तिचं हे नाव त्याच्यापर्यंतसुद्धा पोचलं होतं. "तुमचे दादा तर म्हणाले, पहिली नांगरट आम्ही आमच्याच हाताने करणार."

"हो. म्हणतो खरा."

त्या आठवड्यात तिच्या अंगात जणू मुंग्या शिरल्या होत्या. थिएटरमध्ये सर्जनने हात पुढे करायच्या आत चिमटा त्याच्या तळव्यात ठेवायची तिची सवय. वाट बघणं हे कामच तिला येत नव्हतं. तिने खुरपी, कोयते आणि पाने उंचीप्रमाणे लावून ठेवले, दुसऱ्या दिवशी मोडून वापराप्रमाणे लावले. पत्र्यावरचा गंज घासला. विहिरीचा दोर सोडून परत वळला. दर दोन तासांनी बांधावर जाऊन माती मुठीत दाबायची आणि गोळा फुटतोय का ते बघायचं. तिसऱ्या दिवशी वहिनी म्हणाल्या, "वन्सं, त्या मातीला थोडी उसंत द्या. तिचीही नाडी बघायला लागलात तुम्ही."

"मग तुम्ही सांगा ना वहिनी, त्याच्या मनात आहे तरी काय?"

वहिनी तांदूळ निवडत होत्या. खडा सापडला नसतानाही त्यांनी काहीतरी उचलून बाजूला टाकलं. "त्यांच्या मनातलं मला कुठे सांगतात ते?"

"तुम्हाला नाही सांगत तर काय बसथांब्याला सांगतो?"

वहिनी हसल्या, पण मान वर केली नाही.

संध्याकाळी सिस्टरने दादालाच गाठलं. तो पायरीवर बसून बुटांना पॉलिश करत होता. नोकरी सुटली तरी हे रोजचं चाललेलं होतं.

"दादा, खरं सांग. जमीन घेतली त्याचा पस्तावा होतोय का?"

"कुणी सांगितलं?"

"कुणी सांगायला कशाला हवं? चार दुकानं फिरलो आपण. तू नवरी बघायला गेल्यासारखा खोड्या काढतोस. नको असेल तर तसं बोल, पण माझे पाय तोडू नकोस."

पाय म्हणताच दादाने बूट खाली ठेवला. "तुझं काय जातंय बोलायला? ट्रॅक्टर म्हणजे चिमटा नाही, नाही आवडला तर ट्रेमध्ये परत ठेवला. जन्माची गाठ असते ती."

"जन्म संपायला आला आपला."

"तुझा आला असेल," दादा म्हणाला आणि एक बूट पॉलिश केलेला, एक तसाच, असा विहिरीकडे निघून गेला. त्याची चाल पहिल्यापासूनच झुलती. बसवाल्यांची चाल म्हणायचे सगळे. सिस्टर त्याच्या पाठीकडे बघत राहिली. तिला राग आला होता, आणि रागाखाली भीतीही होती. आयुष्यभराची पुंजी तिने या मातीत घातली होती, ती एका वाक्याच्या भरवशावर: दादा चालवेल.

सहाव्या दिवशी तिने त्याला विचारलंच नाही. "चल," एवढंच म्हणाली. शेजाऱ्याने एका मिस्त्रीचा पत्ता दिला होता. हा मिस्त्री जुने ट्रॅक्टर दुरुस्त करून विकायचा. बाजारपेठेच्या मागच्या अंगाला त्याचं आवार होतं. दारात टायरांची उतरंड, आत दोन रांगांत लावलेले डझनभर ट्रॅक्टर, आणि जमीन तेलाने इतकी काळी झालेली की कुठे सावली आहे आणि कुठे डाग, ते कळू नये. मिस्त्री सत्तरी ओलांडलेला. इंजिनांच्या आवाजाने एक कान गेलेला, त्यामुळे तो सगळ्यांशी ओरडून बोलायचा.

दादाने नेहमीची फेरी सुरू केली. टायरला लाथ. बॉनेटवर हात. "हा जरा..." म्हणत त्याने नाक वर केलं.

"खालून काय बघताय?" मिस्त्री ओरडला. "नवरदेवाला घोड्यासमोर उभं करून फोटो काढायचाय का? चढा वर. चालवून बघा. माझ्याकडे चालवल्याशिवाय कुणी नावं ठेवत नाही."

"बघितलं तरी कळतं मला."

"मला नाही कळत. पन्नास वर्षं झाली, अजून नाही कळत. चढा."

आवारात आणखी दोन गिऱ्हाइकं होती. तीही बघायला लागली. दादाने सिस्टरकडे एक नजर टाकली. मग तो ट्रॅक्टरच्या उजव्या अंगाला गेला, सगळे डाव्या अंगाने चढतात तरी, आणि स्टिअरिंगला धरून हातांच्या जोरावर वर ओढून घेतलं स्वतःला. मिस्त्रीने चावी दिली. इंजिन धडधडलं. आणि तेव्हा सिस्टरला दिसलं. दादाने डाव्या मांडीखाली हात घातला, पाय उचलला आणि क्लचवर ठेवला. सामानाची पिशवी एका जागेवरून दुसऱ्या जागी ठेवावी तसा.

"दादा, थांब," ती म्हणाली. इंजिनाच्या आवाजात ते कुणालाच ऐकू गेलं नाही.

त्याने गिअर टाकला. क्लच हळूहळू सोडायचा असतो, पण पाय एकदम घसरला. ट्रॅक्टरने हिसका मारून उडी घेतली आणि सरळ टायरांच्या उतरंडीत घुसला. टायर गडगडत सुटले. एक रस्त्यापर्यंत गेला आणि तिथे गोल फिरत फिरत आडवा झाला. तोवर दादाने उजव्या पायाने ब्रेक दाबला होता. इंजिन आचके देऊन बंद पडलं. लागलं कुणालाच नाही. गिऱ्हाइकं मुकाट्याने टायर गोळा करायला लागली.

दादा वरच बसून होता. दोन्ही हात स्टिअरिंगवर, नजर समोर, बसथांब्यावर प्रवासी चढायची वाट बघत असल्यासारखा.

सिस्टरने त्याला खांदा देऊन उतरवलं आणि मिस्त्रीच्या टपरीवजा कचेरीत नेऊन बाकावर बसवलं. "पँट वर कर."

"काही नाही, गोळा आला जरा."

"दादा. पँट वर कर."

गुडघा सुजून कलिंगडासारखा झाला होता, आणि त्याच्या वरची मांडी उजव्या मांडीच्या निम्मी उरली होती. तिने बोटांनी दाबून बघितलं, पाय थोडा वाकवला. आतून कचकच आवाज आला. असे गुडघे तिने शेकड्यांनी बघितले होते, टेबलावर उघडलेले, दिव्याखाली. आणि हा रोज तिच्या समोरच्या खुर्चीत बसून जेवत होता.

"किती दिवस?"

"तीन वर्षं. थोडं थोडं." दादा पँटीची घडी नीट करत होता. "गेल्या वर्षी तपासणी झाली. डॉक्टर म्हणाले, बस चालवायची नाही. मग डेपोत रजिस्टर लिहायला बसवणार होते. मी म्हटलं, त्यापेक्षा घरी जातो."

"आणि मला सांगितलंस, कंटाळा आला म्हणून सोडली."

"कंटाळा आलाच होता. गुडघ्याचा."

तिला हसू आलं नाही. "वहिनींना माहीत आहे?"

"शपथ घातली होती तिला."

"मी नर्स आहे रे. जगाचे गुडघे बघितले मी. मला सांगायला काय झालं होतं?"

बाहेर मिस्त्री कुणावर तरी ओरडत होता. मग दादा म्हणाला, "तू ओट्याशी उभी राहून म्हणालीस, दादा चालवेल. तुझा चेहरा बघितला मी. इतक्या वर्षांत तुला तसं बघितलं नव्हतं. मी नाही म्हटलं असतं तर तू जमीन घेतली नसतीस. वाटलं, तोवर बरा होईल पाय. मग वाटलं, चांगला ट्रॅक्टर मिळेपर्यंत होईल. म्हणून मिळूच देत नव्हतो."

सिस्टर बाकावर त्याच्या शेजारी बसली. तिला ओरडायचं होतं, पण कुणावर ते ठरेना. त्याने लपवलं हे खरं. पण तिनेही विचारलं कुठे होतं? वाटणी सांगून मोकळी झाली होती. ट्रे मांडून ठेवावा तशी तिने माणसं मांडली होती, आणि तो गप्प राहिला तो होकार धरला होता.

मिस्त्री दारात येऊन उभा राहिला. कान एकच असला तरी त्याला सगळं ऐकू गेलं होतं. "मग तुम्ही चालवा ना, बाई," तो ओरडला.

"मी? मी सायकलसुद्धा चालवलेली नाही."

"ते बरंच. वाईट सवयी नसतील."

ती नाही म्हणणार होती. तोंड उघडलंही होतं. पण तिचे पाय आधीच उठले होते. सहा दिवस घरभर फिरून त्यांना जायला जागा उरली नव्हती. "आधी चढून बघते," ती म्हणाली. "बघायला काय जातंय."

तिथून पुढे खरी निवड सुरू झाली. दुपारभर सिस्टर त्या आवारातल्या एकेका ट्रॅक्टरवर चढली आणि उतरली. ती चणीने लहान. कुठे पायरीच तिच्या कमरेला लागायची, कुठे सीट पुढे ओढूनही पाय क्लचला टोकानेच टेकायचा. एका दांडग्या धुडाचा क्लच तिने दोन्ही पायांनी दाबला तरी ढिम्म हलला नाही. "याला कुस्तीगीर लागेल," ती म्हणाली आणि खाली उतरली.

दादा बाकावरून उठून एका उलट्या डब्यावर येऊन बसला होता. आता त्याच्या अंगात वेगळाच माणूस संचारला. हा धूर निळा आहे, इंजिन तेल खातंय, नको. याचं स्टिअरिंग डावीकडे ओढतं, चाकांची रेषा बघ. हे पुढचे टायर नवे घातलेत, म्हणजे मागचं काहीतरी लपवायचं असणार. तो नुसता आवाज ऐकून सांगत होता, आणि दर वेळी मिस्त्री "हो, हो, ते करून देणार होतो मी," म्हणत होता. पण तिसऱ्यांदा त्याने दादासाठी चहा मागवला.

शेवटच्या रांगेत एक ठेंगणा ट्रॅक्टर उभा होता. आधी तो एका फळबागेत होता, झाडांच्या फांद्यांखालून जावा म्हणून बुटका. रंग उडालेला, बॉनेटला पोचा. सिस्टर चढली, पाय ठेवला, आणि क्लच तळापर्यंत गेला. तिने परत दाबला. परत. दहा वेळा दाबून बघितला तरी मांडी थरथरली नाही.

"जोर कमी आहे याला," मिस्त्री प्रामाणिकपणे म्हणाला. "दोन फाळांचाच नांगर ओढेल."

"चाकं बाहेर सरकवून रुंदावता येतात का?" दादाने विचारलं. "वर उताराचा तुकडा आहे."

"येतात. आणि पाठीमागे संरक्षणाची लोखंडी कमान घालून देतो, चुकून उलटला तर माणूस दबायला नको."

"उलटेल कशाला?" सिस्टरने विचारलं.

"तू चालवणार आहेस म्हणून," दादा म्हणाला, आणि त्या आठवड्यात पहिल्यांदाच दोघं हसले.

ट्रॅक्टर आणि नांगर दुसऱ्या दिवशी दुपारी ट्रकमधून आले. शिकायला वेळच नव्हता. दादा काठी टेकत बांधावर उभा राहिला आणि एकतीस वर्षांत प्रवाशांवर जेवढा ओरडला नसेल तेवढा त्या एका दुपारी बहिणीवर ओरडला. क्लच सोड. हळू. हळू म्हणजे हळू, दार आपटतात तसं नाही. मागे बघू नको, पुढचा दगड बघ. इंजिन अकरा वेळा बंद पडलं. बाराव्या वेळी सिस्टरने सीटवरून वळून, शिकाऊ डॉक्टरांना दम द्यायच्या आवाजात सांगितलं, "दादा, एका वेळी एकच सूचना. नाहीतर थिएटरबाहेर जा."

दादाने काठी ढेकळात रोवली. मग म्हणाला, "क्लच."

पहिला तास, नांगराची पहिली रेघ, निघाला तो वळवळत गेलेल्या सापासारखा. वहिनींनी अंगणातून बघितला आणि तोंडाला पदर लावला. शेजारी आपलं काम टाकून आला होता. त्याने तासाकडे बराच वेळ बघितलं. "वाकडा आहे," तो शेवटी म्हणाला. "पण खोली बरोबर आहे. रोपाला वाकडं कळत नाही."

पुढचे दोन दिवस ती उजाडल्यापासून दिवस मावळेपर्यंत ट्रॅक्टरवर होती. हातांना फोड आले, पाठ दगड झाली, कानांत इंजिन घुमत राहिलं. तरी जेवायलाही तिला खाली उतरवत नव्हतं. वहिनी डबा घेऊन बांधावर यायच्या, एकदा म्हणाल्या, "वन्सं, रागावलात का हो माझ्यावर?" सिस्टर घास तोंडात असताना म्हणाली, "रागावलेय. नांगरट झाली की सावकाश भांडू." वहिनींना ते पटलं.

सपाटीचे सहा एकर उलटून झाले. तिसऱ्या दिवशी सकाळी वरच्या तुकड्यात नांगर मातीत शिरेना, वरच्या वर घासत राहिला. दोन एकर राहिले ते राहिले. सिस्टरने इंजिन बंद केलं. इतक्या शांततेची सवय नसल्यामुळे तिला क्षणभर कानच गेल्यासारखे वाटले.

दादा बांधाच्या कडेने काठी टेकत वर आला होता. धापा टाकत तो चाकाला टेकून उभा राहिला. "वरचा तुकडा पुढच्या पावसानंतर करू," तो म्हणाला. "तोवर तुला उतारावर चालवायला शिकवतो."

"त्याआधी हाडांच्या डॉक्टरांकडे जायचंय. सोमवारी. मी फोन केलाय."

"मला न विचारता?"

सिस्टर काही क्षण स्टिअरिंगवरची माती नखाने खरवडत राहिली. मग ती खाली उतरली आणि त्याच्यासमोर उभी राहिली. "बरं, विचारते. येशील का?"

दादाने गुडघ्यावरून हात फिरवला. खाली वहिनी कोंबड्यांना हाकलत होत्या, त्यांच्याकडे बघितलं, मग नांगरलेल्या शेताकडे. "चिरतील का?"

"चिरतील. मी आत असेन."

"दुखेल?"

"दुखेल. महिनाभर भरपूर."

"बरं," दादा म्हणाला. "सोमवारी पहिल्या बसने जाऊ. त्या गाडीचा ड्रायव्हर चांगला आहे."